कोल्हापुरात बसून समुद्री गवत कसं वाचवावं

समुद्री गवत वाचवायचं ठरवलंय म्हणता? झकास. कोल्हापूरला समुद्र नाही ही अडचण समजू नका, सोय समजा. समुद्र दारात असता तर सारखं जाऊन बघावं लागलं असतं. आता वर्षातनं एकदा गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेलं की भागतंय.

आधी समिती. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, चार उपाध्यक्ष, खजिनदार आणि पेठेतल्या प्रत्येक तालमीचा एक सल्लागार, नाहीतर रुसवेफुगवे होतात. मग मिरजकर तिकटीला डिजिटल फलक. त्यावर गवताचा फोटो नको, गवत कोण बघणार? ते खाऊन जगणारी समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, हीसुद्धा दिसायला बेताचीच. तिच्यासाठी तमिळनाडूनं २०२२ साली पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र केलं, पण डिजिटलवर ती उठून दिसणार नाही. तुम्ही डॉल्फिन लावा. त्याच्या एका बाजूला नेते, दुसऱ्या बाजूला भावी नेते, खाली ‘नाद करायचा नाय’. मुहूर्तही शोधायला नको. १ मार्च हा जागतिक समुद्री गवत दिन संयुक्त राष्ट्रांनीच ठरवून दिलाय.

भाषणात या वनस्पतीला बिनधास्त शेवाळ म्हणा. एखादे प्राध्यापक उठून सांगतील की तिला मुळं आहेत, खोड आहे, फुलं येतात, परागकण पाण्यातनं वाहत जातात, मुळं गाळ धरून ठेवतात आणि माशांची पिल्लं तिच्यात वाढतात. त्यांना श्रीफळ द्या आणि बसवा.

आता मोजणी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १९९८ साली गावकऱ्यांनी, शाळेच्या पोरांनी करायची एक पद्धत सुरू झाली आणि पुढं ती बऱ्याच देशांत गेली. काय काय टाळायचं हे कळावं म्हणून तेवढी सांगतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या जागेवर ५० मीटरच्या तीन टेपा टाकायच्या, एकमेकींपासून २५ मीटर अंतरावर. प्रत्येक टेपेवर दर पाच मीटरला ५० सेंटिमीटरची चौरस चौकट ठेवायची. अशा ३३ चौकटी. प्रत्येक चौकटीत गवतानं किती टक्के जमीन झाकली, जात कुठली, पान किती लांब, पानावर शेवाळ किती चढलंय, सगळं लिहायचं. हॅलोड्यूल युनिनर्व्हिस नावाच्या जातीच्या पानाला टोकाशी तीन बारीक दाते असतात. तेवढे दाते बघायला माणूस गुडघे टेकून बसतो, पान नखावर घेऊन पुसतो, डोळ्याजवळ धरतो. आपल्या कोकणातल्या खाड्यांत जी हॅलोफिला बेकारी मिळते, तिचं पान तर जेमतेम सेंटिमीटरभर. एवढं करून काही महिन्यांनी परत तिथंच जायचं, परत तेच मोजायचं. वर्षानुवर्षं. आणि एकदाही सत्कार नाही! असल्या कामाला कोल्हापुरात माणूस मिळेल का, तुम्हीच सांगा.

त्यापेक्षा काठावर उभं राहून एक नजर टाका आणि ‘पन्नास टक्के’ म्हणा. त्या पद्धतीत दोन माणसांचे अंदाज जुळले नाहीत तर पुन्हा फोटो बघून सराव करतात म्हणे. आपल्यात अध्यक्षांचा आकडा खरा.

गाडी पहाटे पाचला सुटणार असं सांगा, म्हणजे सातला सुटेल. मिसळ घाटाच्या आधी झालीच पाहिजे, कट जादा मागून घ्या. ओहोटी रोज पन्नासेक मिनिटं पुढं सरकते, तिथल्या मच्छीमारांना तिथीवरून तिची वेळ तोंडपाठ असते. पण समुद्रानं आपल्या मिसळीसाठी तासभर थांबायला काय हरकत आहे? तुम्ही पोचाल तेव्हा भरती लागलेली असेल आणि गवत कमरेभर गढूळ पाण्याखाली. उत्तम. ‘गवत आढळले नाही’ असं लिहून मोकळं व्हा आणि सुरमईच्या ताटाकडं वळा.

चुकून ओहोटी सापडलीच, तर एक धोका आहे. आपल्या कार्यकर्त्यांना रंकाळ्यातनं आणि पंचगंगेतनं केंदाळ काढायची सवय. पाण्यात हिरवं दिसलं की हात शिवशिवतात. आडवायला जाऊ नका, उत्साह मरतो. उपटलेल्या ढिगाशेजारचा फोटो ‘श्रमदान’ म्हणून फार भारी येतो. तमिळनाडूत मच्छीमारांना घेऊन बांबूच्या चौकटीला काथ्याच्या दोरीनं एकेक रोप बांधून समुद्रतळाशी लावत बसतात, ते त्यांचं त्यांना लखलाभ.

खाडीकाठी एखादे म्हातारे काका भेटतील. गवत कुठं होतं, कधी विरळ झालं, त्यानंतर कुठली मासळी जाळ्यात यायची बंद झाली, असलं सगळं सांगत बसतील. ऐकून घ्या, लिहून मात्र घेऊ नका. फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. त्यांना टोपी घाला, झेंडा दाखवायला लावा, हा झाला लोकसहभाग. पुढच्या ओहोटीला मोजायला त्यांनाच शिकवावं, असली सूचना कुणी केली तर विषय बदला. ते रोज मोजायला लागले तर आपली ट्रिप कशाला?

घरच्या उसाला युरिया टाकताना हात आखडू नका. पाण्यात नत्र वाढलं की पानांवर शेवाळ चढतं आणि उजेड तुटतो. या गवताला पाण्यावर पडणाऱ्या उजेडाच्या सरासरी ११ टक्के तरी लागतो, हे खरं आहे. पण आपली पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते आणि कृष्णा आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. म्हणजे कोकणात आपलं नाव स्वच्छ. तिकडचं तिकडचे बघतील.

राहिला अहवाल. तो इंग्रजीत काढा, गुळगुळीत कागदावर. प्रकाशन हॉटेलात ठेवा आणि खाडीकाठच्या गावाला प्रत पाठवू नका. कुणीतरी पोरगं वाचून दाखवेल, मग काका फोन करून विचारतील, ‘गेल्या खेपेक पन्नास टक्के, औंदा कायच नाय, मगे खाडीत झाला काय?’ प्रश्न साधा आहे, पण मागच्या पानावरची रंगीत जाहिरात ज्याची आहे, त्याचेच सक्शन पंप त्या खाडीत वाळू उपसतात. पुढच्या वर्षीच्या गाडीचं डिझेलही त्यानंच कबूल केलंय.