नेपोलियन आला म्हणून फ्रान्स वाचला?

आठवडाभर आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: क्रांतीनंतर देश बुडायला लागतो, मग एक खंबीर माणूस येऊन तो सावरतो. फ्रान्सला नेपोलियन मिळाला, रशियाला स्टालिन. लोकांनीच त्यांना निवडलं, दुसरा मार्गच नव्हता. परवा पानठेल्यावर एक शेजारी म्हणाला, "सर, आपल्याले बी असाच एक पाह्यजे." कापसाला भाव नाही, विम्याचे पैसे येत नाहीत. त्याचा राग खरा आहे. मेसेजातला इतिहास मात्र खोटा आहे.

फ्रान्स बुडत होता म्हणे. नेपोलियनने सत्ता बळकावली 9 नोव्हेंबर 1799 रोजी. तो इजिप्तहून परतला त्याच्या आदल्याच महिन्यात. त्याआधी, सप्टेंबर संपता संपता, झुरिकजवळ मासेना या सेनापतीने रशियन फौज हरवली होती. परकीय आक्रमणाचा जोर नेपोलियनविनाच ओसरला होता. महागाई भडकवणाऱ्या कागदी नोटा सरकारने 1796 मध्येच बंद केल्या होत्या. कारभार भ्रष्ट होता, लोक विटले होते, हे खरं. पण ज्याला 'सावरणारा' म्हणता, त्याने 1812 मध्ये सहा लाखांच्या आसपास माणसं रशियावर नेली आणि त्यातली फार थोडी परत आणली. 1794 मध्ये वसाहतींतली गुलामगिरी रद्द झाली होती, ती त्याने 1802 मध्ये पुन्हा आणली. आणि 1815 मध्ये तो गेला तेव्हा गादीवर कोण बसलं? क्रांतीने ज्या राजाचं डोकं उडवलं, त्याचाच भाऊ.

लोकांनीच निवडलं? 1800 साली नेपोलियनच्या सत्तेवर घेतलेल्या जनमताचा आकडा जाहीर झाला: बाजूने 30 लाख, विरोधात 1,562. ज्याने एकदा तरी बुथवर एजंट म्हणून दिवस काढलाय, त्याला हा आकडा वाचूनच कळेल. खरी मतं निम्म्याच्या आसपास होती. बाकीची भर गृहखात्यात घातली गेली आणि गृहमंत्री नेपोलियनचा सख्खा भाऊ होता.

स्टालिनबद्दल लिहिताना मला आमच्या वावरातला सरवा आठवतो. गहू निघाला की गावातल्या म्हाताऱ्या ओचा खोचून यायच्या, पडलेल्या लोंब्या एकेक करून वेचायच्या. माझी आजी त्यांना कधी हटकायची नाही. उलट बांधावर पाण्याची घागर ठेवायची. स्टालिनच्या राज्यात 7 ऑगस्ट 1932 रोजी कायदा निघाला, की सामूहिक शेतातलं धान्य घेणाऱ्याला गोळी, दया दाखवायची तर दहा वर्षं कैद. मूठभर लोंब्यांसाठी माणसं तुरुंगात गेली. त्याच हिवाळ्यात युक्रेन आणि कझाकस्तानात लाखो शेतकरी कुटुंबं उपासमारीने मरत होती, आणि सरकार धान्य परदेशी विकत होतं. कारखाने उभे राहिले, नाकारत नाही. ते कोणाच्या ताटातून उभे राहिले, हे शेतकऱ्याच्या पोरांनी तरी विचारायला हवं.

राहिलं 'दुसरा मार्गच नव्हता' हे. अमेरिकेचा वॉशिंग्टन इंग्रजांशी लढाई जिंकून आला होता, फौज त्याच्या हातात होती. 23 डिसेंबर 1783 रोजी त्याने सेनापतीपद लोकप्रतिनिधींसमोर परत केलं. पुढे दोनदा अध्यक्ष झाला आणि 1797 मध्ये घरी गेला. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावलं होतं, की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते.

इतकं लांब कशाला, गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) पाहा. तिथे ग्रामसभेत सर्वांचं एकमत झाल्याशिवाय निर्णय होत नाही. त्याच ग्रामसभेने 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला.

आपल्या गावात ग्रामसभेचं रजिस्टर घरोघरी सह्यांसाठी फिरतं, आणि आपण ओट्यावर बसल्या बसल्या सही करतो. या वेळी मी सही घरी करणार नाही, सभेला जाणार आहे. मेसेज टाकणाऱ्या भाऊंनीही यावं. विम्याचा ठराव तुम्ही मांडा, अनुमोदन माझं.