वाकडं अंगण आणि सात ट्युबा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'माझ्या स्वप्नातले सात ट्युबा' या लेखावर तुम्ही जी कमेंट टाकलीत ती एवढी लांब आणि मुद्देसूद आहे की खाली दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लेखात मी मला हवेहवेसे वाटणारे सात ट्युबा (पितळी वाद्यांतलं सगळ्यात खर्जातलं फुंकवाद्य) मांडले होते, आणि तुमचं म्हणणं असं की एक माणूस, एक तोंड, एक फुफ्फुसांची जोडी, मग सात ट्युबा कशाला? शिकागोचा थोर ट्युबावादक आर्नल्ड जेकब्ससारखा माणूस आयुष्यभर सांगत राहिला की सूर आधी डोक्यात वाजला पाहिजे, बाकी सगळं नंतर. म्हणजे माझी यादी ही निव्वळ श्रीमंती खरेदीची हौस आणि तिला वरून संगीताचा मुलामा. आणि शेवटी ते 'नाचता येईना अंगण वाकडं'. तुम्ही स्वतः कित्येक वर्षं एकच चार व्हॉल्व्हचा (व्हॉल्व्ह म्हणजे दाबली की नळीत जादा तुकडा जोडणारी कळ) बी फ्लॅट रोटरी, म्हणजे बी फ्लॅट हा मूळ सूर असलेला, फिरत्या व्हॉल्व्हचा ट्युबा वाजवताय आणि तुमचं काही अडलेलं नाही. शिवाय यादीत सूसाफोन (अंगाभोवती घालून चालत वाजवायचा ट्युबा) नाही, म्हणजे मी ऑर्केस्ट्रावाल्यांच्या नादी लागलेला माणूस.

अंगणापासूनच सुरू करतो, कारण ट्युबाचं अंगण खरंच वाकडं असतं हो.

बी फ्लॅट ट्युबाची नळी सरळ केली तर साधारण साडेपाच मीटर भरते. दुसरा व्हॉल्व्ह दाबला की तिच्यात सहा टक्क्यांच्या आसपास भर पडते, पहिल्याने बारा, तिसऱ्याने एकोणीस. एकेकटे दाबले तर सगळं ठीक. पण तिन्ही एकदम दाबले की बेरीज होते सदतीस टक्के आणि सूर बरोबर लागायला हवे असतात एक्केचाळीसच्या वर. म्हणजे नळी वीतभर कमी पडते, अक्षरशः वीतभर, आणि सूर चढा लागतो. हे तुमच्या माझ्या रियाझाचं काम नाही, हा गणिताचाच घोळ आहे, व्हॉल्व्ह निघाले तेव्हापासूनचा. तुमच्या ट्युबाला जो चौथा व्हॉल्व्ह आहे ना, तो याच वाकड्या अंगणाला लावलेला टेकू आहे. पहिला आणि तिसरा एकत्र दाबायच्या ऐवजी एकटा चौथा, तिन्हींच्या ऐवजी दुसरा आणि चौथा. तरी अगदी तळाला एक सूर हरवलेलाच राहतो, मूळ पेडल सुराच्या (काही न दाबता निघणाऱ्या सगळ्यात खालच्या सुराच्या) बरोबर वरचा अर्धा सूर. चारही व्हॉल्व्ह दाबले तरी तो लागत नाही, त्याच्या वरचाच काहीतरी निघतो. बी फ्लॅट ट्युबावर ही खोट इतकी खाली जाऊन पडते की तिथलं सहसा कोणी लिहीतच नाही, म्हणून तुमचं अडत नाही. तीच खोट एफ ट्युबावर खालच्या एफ शार्पला येते, आणि तो सूर पार्टमध्ये, म्हणजे वादकाच्या स्वरलिपीत, रीतसर छापलेला असतो. म्हणून एफ ट्युबाला पाच, सहा व्हॉल्व्ह लागतात. डेव्हिड ब्लेकलीनं १८७४ मध्ये वेगळाच तोडगा काढला, चौथा व्हॉल्व्ह दाबला की हवा परत एकदा व्हॉल्व्हमधून फिरते आणि जादाच्या छोट्या नळ्यांमधून जाऊन ती कमी पडलेली वीत भरून काढते. हाच तो ब्रिटिश कॉम्पेन्सेटिंग ई फ्लॅट. सूर खाली छान लागतात, पण वजन वाढतं आणि तळाला फुंक थोडी अडल्यासारखी वाटते. काहीतरी द्यावंच लागतं.

आता मुख्य भांडण. एक ट्युबा पुरे असं म्हणताना तुम्ही धरून चाललाय की 'ट्युबा' नावाचं एक वाद्य आहे. तसं ते कधी नव्हतंच. व्हिप्रेख्त आणि मोरिट्झ यांनी बर्लिनला १८३५ मध्ये पेटंट घेतलं ते एफ मधल्या बास ट्युबाचं. मग चेर्व्हेनीनं बोहेमियात त्याहून मोठा, आणखी खर्जातला काँट्राबास केला. इंग्रजांनी पुढे ई फ्लॅट आपलासा केला, अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रात मोठा सी बसला, जर्मनीत एक एफ आणि एक दणदणीत बी फ्लॅट अशी जोडी, आणि फ्रेंचांनी तर सहा व्हॉल्व्हचा एवढासा सी काढला जो आपल्या मोठ्या सी ट्युबाच्या बरोबर निम्म्या लांबीचा. आणि प्रत्येक ठिकाणच्या संगीतकारानं आपल्या समोर जो बसलाय त्याचा आवाज डोक्यात धरून लिहिलं. राव्हेलनं १९२२ मध्ये मुसॉर्गस्कीचं पियानोसाठीचं 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' ऑर्केस्ट्रासाठी लिहिलं तेव्हा बैलगाडीवाला जो तुकडा आहे, 'बिद्वो', त्यातला ट्युबाचा सोलो मधल्या सी च्याही वर जी शार्पपर्यंत चढतो. तो लिहिला त्या फ्रेंच पिटुकल्यासाठी. आज बऱ्याच ठिकाणी तो युफोनियमवर (ट्युबाच्या धाकट्या भावावर) वाजवतात, काही धाडसी लोक एफ वर वाजवतात, आणि मोठ्या बी फ्लॅटवर वाजवायचा म्हटला तर… तुम्ही वाजवता का? खरंच विचारतोय, टोमणा नाही.

उलट बाजूला वाग्नर. त्याच्या 'सीगफ्रीड' ऑपेराच्या दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तो ड्रॅगन गुहेत पडलेला असतो तेव्हा जे खालून येतं ते एफ वर वाजवून बघा, सगळे सूर येतील पण ड्रॅगन येणार नाही. आणि बर्लिओझची 'सिंफनी फँटास्टिक' तर १८३० ची, म्हणजे ट्युबाचं पेटंट व्हायच्या आधीची! त्यात ऑफिक्लाइड होते, चाव्यांचं, सडपातळ, जरा नाकात बोलणारं वाद्य. आज तिथे दोन धष्टपुष्ट ट्युबा बसवतात आणि 'डिएस इरे' ही मृत्यूची जुनी धून अशी काही ढम्म वाजते की सोबतचे बासून (लाकडी फुंकवाद्यं) बिचारे दिसेनासे होतात. माझ्या यादीत सातव्या नंबरला ऑफिक्लाइड होतं त्यावर तुम्ही हसलात. मला तर ते यादीतलं सगळ्यात शहाणं कलम वाटतं.

आणि एकच गोष्ट जवळून बघा म्हणजे या वाद्यांमध्ये किती फरक आहे ते कळेल. बास क्लेफच्या, म्हणजे खर्जाच्या स्वरलिपीच्या पाच रेघांच्या, खाली दोन जादा रेघांवरचा सी घ्या. सी ट्युबावर काही दाबायचं नाही, मोकळा, तोंड लावलं की वाजतो. बी फ्लॅटवर चौथा व्हॉल्व्ह. ई फ्लॅटवर पहिला आणि दुसरा. एफ वर परत चौथा, आणि एफ वरचा हा सी म्हणजे ट्युबावाल्यांच्या शिव्या खाणारा सूर आहे. विशेषतः जुन्या रोटरी एफ वर. वर सगळं वाद्य गात असतं, डी पर्यंत ठीक येतं, आणि सी ला आलं की एकदम घशात काहीतरी अडकल्यासारखं, फुंक जाते पण आवाज पुढे येत नाही, जास्त जोर लावला तर आणखी बिघडतं. मग लोक पाचवा व्हॉल्व्ह घालून आडवळणाची फिंगरिंग शोधतात, माउथपीस बदलतात, आणि शेवटी ज्याचा तो सी चांगला वाजतो असा एफ ट्युबा कुठे मिळेल याची चौकशी सुरू करतात. स्वप्नातली यादी अशीच तयार होते हो, कॅटलॉग चाळून होत नाही. एकेका अडलेल्या सुरापाशी एकेक वाद्य आठवत जातं.

जेकब्सचा मुद्दा तुमचा जोरदार आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे असं मला वाटतं! सूर डोक्यात आधी, हे शंभर टक्के कबूल. पण या माणसाकडे वाद्य कोणतं होतं? १९३० च्या दशकात ग्रँड रॅपिड्सच्या यॉर्क कंपनीनं दोन प्रचंड सी ट्युबा बनवले, कंडक्टर स्टोकोव्हस्कीला फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात ऑर्गनसारखा खर्ज हवा होता म्हणून. तिथला वादक डोनाटेली, त्याच्या देहाला काही त्यातला एक ट्युबा नीट बसेना, म्हणून त्यानं तो कर्टिस या संगीतशाळेतल्या विद्यार्थ्याला, म्हणजे जेकब्सला, १७५ डॉलरला विकला, आठवड्याला पाच डॉलर असे हप्ते. पुढे १९४४ ते १९८८ शिकागो सिंफनीत जेकब्स आणि यॉर्क हे समीकरणच झालं. आणि गंमत म्हणजे दुसरा यॉर्क हाती लागला तेव्हा जेकब्सनी तोही घेतला! दोन जवळपास सारखे ट्युबा, एकच फुफ्फुसांची जोडी. (आता दोन्ही ऑर्केस्ट्राच्या मालकीचे आहेत.) स्वित्झर्लंडच्या हिर्सब्रुनरनं, यामाहानं, आणखी कितीतरी जणांनी त्यांची मापं घेऊन नकला काढल्या. तेव्हा 'वाद्याचं काय एवढं' हे जेकब्सच्या तोंडी घालू नका. वाद्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून चांगलं वाद्य लागतं.

पण हो, माझ्या यादीत पहिल्या नंबरला यॉर्क आहे त्याला मी कसलाच युक्तिवाद देणार नाही. ६/४ साइझचा अजस्र ट्युबा बऱ्याच संगीताला नको असतो, रोजच्या कामाला तर नकोच नको, आणि तसंही हे ४/४, ५/४, ६/४ आकडे प्रत्येक कंपनीचे स्वतःचे, एकाचा ५/४ दुसऱ्याच्या ६/४ ला जाऊन भिडतो, कसलं माप नाही न् काही नाही. यॉर्क हवाय कारण हवाय. हौस आहे. हौसेला कारण विचारायचं नसतं.

श्रीमंतीचा आरोप मात्र मला जरा लागला. क्लॅरिनेटवाला बी फ्लॅट आणि ए अशी जोडी घेऊन येतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. ट्रम्पेटवाल्याच्या बॅगेत बी फ्लॅट, सी, पिकोलो, कधी डी पण, कोणाला काही वाटत नाही. ट्युबावाल्यानं दुसरा ट्युबा आणला की सगळे खुर्च्या सरकवत कुरकुरतात, कारण तो दिसतो, दारातून येत नाही, आणि ठेवायला जागा लागते. आणि ऑर्केस्ट्रात आम्ही बहुतेक वेळा एकटेच असतो. व्हायोलिनवाल्याला शेजारी विचारता येतं. ट्युबावाला कोणता पीस कोणत्या ट्युबावर वाजवायचा हे एकटा ठरवतो आणि चुकलं तर एकटाच ऐकून घेतो. म्हणून तर दोन ट्युबावाले भेटले की पाचव्या मिनिटाला वाद्यांच्या याद्या निघतात. यादी करायला पैसे लागत नाहीत, उलट ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची यादी जास्त लांब असते!

जमवून ठेवलेली वाद्यं मरतात, हे तुमचं वाक्य मात्र मला पटलं. न वाजवता ठेवलेल्या ट्युबाचे रोटर जाम होतात, तेल सुकून चिकट होतं, स्लाइडा (ओढून काढता येणारे नळीचे तुकडे) अशा बसतात की ओढताना सोल्डर सुटतं. आणि आतून रेड रॉट. लीडपाइपवर, म्हणजे माउथपीस लागते त्या पहिल्या नळीवर, बाहेरून बारीक गुलाबी ठिपका दिसतो, मध्ये काळसर टिंब, आणि आपल्याला वाटतं वरचा डाग आहे, पुसून जाईल. तो आतून आलेला असतो, पितळातलं जस्त निघून गेलेलं असतं आणि मागे नुसतं ठिसूळ तांबं राहिलेलं. जुना ट्युबा बघायला गेलात तर आधी लीडपाइप बघा, मग एकेक व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड बाहेर ओढा, क्षणभर थांबा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. 'पॉक' असा आवाज आला तर हवा धरून ठेवतोय. नुसता फुस्स झाला तर वरचं चांदीचं पॉलिश कितीही चमकत असो, नमस्कार करून निघा. पण संग्रह म्हणजे कायम कपाटच असं नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला सिमोनेटी दांपत्यानं संग्रह उभा केला, तीनशेच्या वर वाद्यं, २०१६ मध्ये म्युझियम म्हणून लोकांना बघायला खुला झाला. व्हिन्सेंट सिमोनेटी स्वतः ऑर्केस्ट्रात ट्युबा वाजवलेले. अशा माणसांनी जमवलं नसतं तर कितीतरी वाद्यं भंगारात वितळून गेली असती आणि आपण त्यांचे फोटो बघून वाद घालत बसलो असतो.

सूसाफोन. त्याचा राग नाही हो! अमेरिकन बँडमास्टर सूसाच्या सांगण्यावरून १८९० च्या दशकात जे. डब्ल्यू. पेपर या वाद्यं बनवणाऱ्यानं पहिला केला, तेव्हा बेल (वाद्याचं रुंद तोंड) सरळ आकाशाकडे होती, पाऊस आला की भरत असेल म्हणून त्याला 'रेनकॅचर' म्हणायचे. चालत वाजवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मी चालत वाजवत नाही, एवढंच.

तुम्ही शेवटी विचारलंत की बंदूक डोक्याला लावली आणि एकच निवड म्हटलं तर काय. ४/४ चा सी, पाच व्हॉल्व्ह, रोटरी. मिराफोन कंपनीच्या १८६ मॉडेलच्या जातीचा काहीतरी, ज्यात खूप काही नाही पण नडतही काही नाही. बिद्वो कोणाकडून तरी युफोनियम मागून वाजवीन, ड्रॅगन थोडा हडकुळा होईल, आणि चेंबर म्युझिकमध्ये एफ ची आठवण काढत बसेन. तुमच्या त्या बी फ्लॅटच्या बदल्यात घेणार का म्हणाल, तर आधी त्याचा मेक आणि साल कळवा, लीडपाइपचा एक जवळून फोटो पण टाका, मग बोलू.