काम असलं तरच फोन करा

नाशिकच्या अंबडमधल्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला माझी बावीस वर्षं झाली. हुद्दा तोच, खुर्च्या तेवढ्या दोन बदलल्या. एकीचा पाय मोडला आणि दुसरी ऑडिटरच्या कमरेत भरली. एवढा अनुभव गाठीशी असल्यावर तरुण पोरं साहजिकच विचारतात, करिअर कसं करायचं? म्हणजे तसं कुणी विचारत नाही, पण पपया नर्सरीच्या सिग्नलला कंपनीची बस अडकली की शेजारच्याला उतरून जाता येत नाही. तेव्हा मी सांगतो. आज तुम्ही अडकलात.

पहिली गोष्ट, संबंध. काम असल्याशिवाय कुणालाही फोन करायचा नाही. लोकांचा वेळ मौल्यवान असतो. जुना सहकारी कंपनी सोडून गेला की सेंडऑफचा समोसा खायचा, ‘टचमध्ये राहू’ म्हणायचं आणि सात वर्षं शांत बसायचं. गरज पडली की थेट मेसेज: ‘सर, ओळखलंत का?’ खाली लगेच बायोडाटा जोडायचा, म्हणजे त्याला ओळखायची सवडच मिळत नाही. फाइलचं नाव ‘फायनल नवीन फायनल २’ असलं की काटेकोर माणूस वाटतो. दिवाळीच्या शुभेच्छा मात्र न चुकता पाठवा, आलेलं चित्र तसंच पुढे ढकललं तरी चालतं. गेल्या वर्षी मी एका परचेस मॅनेजरला त्याच्याच चुलतभावाच्या फर्निचरच्या दुकानातर्फे शुभेच्छा दिल्या होत्या.

रोजच्या माणसांना मात्र घट्ट धरून ठेवा. आमचा चौघांचा ग्रुप आहे. चौघंही एकाच डिपार्टमेंटचे. दर रविवारी चुलीवरच्या मिसळीला, टेबलसुद्धा ठरलेलं, चिंचेखालचं. काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, वाटीत दही, शेवटी जिलबी. एकाला कमी तिखट लागतं, एक पावाचा वरचा पापुद्रा काढून ठेवतो, आणि तिसरा दुसऱ्या रश्श्याला हमखास म्हणतो, ‘तेव्हाच पुण्याला गेलो असतो तर...’ बाकीचे दोघं मान हलवतात. मग मॅनेजर, मग इन्क्रिमेंट, मग नाशिकमध्ये काही होत नाही. साडेअकराला घरी.

आता काही शहाणे तुम्हाला मार्क ग्रॅनोव्हेटरचं नाव सांगतील. या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं होतं, नोकरीची खबर तुम्हाला दिली कुणी? ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण म्हणाले, अधूनमधून भेटणाऱ्या माणसाने. नेहमी भेटणाऱ्याकडून खबर लागलेले सहात एक. कारण साधं आहे. रोज ज्यांच्याबरोबर आपण चहा पितो त्यांना तेवढंच ठाऊक असतं जेवढं आपल्याला असतं. लांबचा माणूस वेगळ्या पाण्यात पोहत असतो, तो वेगळी खबर आणतो. वाचून मीही घटकाभर हललो होतो. मग लक्षात आलं, न्यूटनला मिसळ मिळत नाही.

आमच्या टेबलावर एकदा पाचवा आला होता. सिन्नरकडचा, डिप्लोमा झालेला, ट्रेनी म्हणून नुकताच लागलेला. आम्ही बोलावला नव्हता, तोच आला. चौघांना घरचं विचारलं, माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय हे काढून घेतलं, वेटरचं गाव विचारलं आणि स्वतःचे पैसे स्वतः दिले. असल्या माणसापासून सावध राहा. तो गेल्यावर आम्ही एकमताने त्याला ‘चमचा’ ठरवलं. कुणाचा ते ठरायचं होतं.

दुसरी गोष्ट, पुढाकार. घेऊ नका. मेल येईपर्यंत काम आपलं नसतं, आणि मेल आला तरी ‘सीसी’मध्ये किती जण आहेत ते आधी मोजा. हा पोरगा लागला त्या वर्षी आमच्या एका बुशला, म्हणजे गाडीच्या एका छोट्या पार्टला, डेंटची तक्रार यायची. गिऱ्हाईकाकडून लॉट परत, पुन्हा शंभर टक्के तपासणी, पुन्हा परत. तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय लिहायचा तो एटडी रिपोर्ट. सहा महिने ते मी लिहिले. मूळ कारण: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय: ऑपरेटरला समज दिली. पुढच्या महिन्यात: ऑपरेटरला पुन्हा समज दिली. तिसऱ्या महिन्यात ऑपरेटर बदलला होता, तरी समज दिली. रिपोर्टची भाषा अशी पक्की असली की तारीख तेवढी बदलावी लागते.

हा ट्रेनी काय करतो? पॅकिंगच्या मावशींजवळ जाऊन उभा राहतो. तिथून स्टोअरला. तिथून टेंपोवाल्याबरोबर टपरीवर चहा. टेंपोवाला म्हणाला, ‘साहेब, गरवारे पॉइंटला वळताना क्रेट कलंडतात, पार्टवर पार्ट आपटतात, आवाज येतो ना मला.’ वर्षभर तो आवाज ऐकत होता बिचारा, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. पोराने भंगारातला जुना कन्व्हेयरचा पट्टा मागून आणला, त्याच्या पट्ट्या कापल्या आणि क्रेटमध्ये खण पाडले. मी त्याला समजावलं, बाबा रे, पॅकिंग आपल्याकडे येत नाही. तो म्हणाला, ‘हो काका, म्हणून मावशींनाच विचारून खणांचं माप घेतलं.’ डेंट थांबले. कायझेनच्या, म्हणजे सुधारणांच्या, बोर्डावर त्याचा फोटो लागला. त्याने फोटोत मावशींना आणि टेंपोवाल्यालाही उभं केलं. फोटोतली जागा अशी वाटून टाकायची असते का कधी?

तिसरी गोष्ट, बदल. बदलाला नुसतं बघत राहायचं, तो दमतो. गाड्यांच्या धुराचा नवा नियम, बीएस-सहा, येणार म्हटल्यावर आम्ही चौघांनी चिंचेखाली ठराव केला होता की तारीख पुढे जाईल. १ एप्रिल २०२० ला ते आलं. तेव्हा लॉकडाऊन चालू होता, त्यामुळे आम्ही घरी बसून ते नाकारलं. आता विजेच्या गाड्यांचं चाललंय, त्यावरही आमचं मत तयार आहे. ओझरच्या विमान कारखान्याची गोष्ट सोडा. तो १९६४ साली मिगसाठी निघाला, पुढे सुखोई केली, आता तेजस करतोय. सरकारी कारखाना, बदलला तर बदलला. मी मापं वहीतच लिहितो. वही हँग होत नाही.

आणि फार बदलणाऱ्याचं काय होतं तेही बघा. आपल्याच त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके. फोटोग्राफी करून झाली, छपाईचा धंदा झाला, आणि चाळिशीत माणसाने सिनेमा करायचं मनावर घेतलं. पैसे लावणाऱ्याला पटावं म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडा थोडा चित्रित केला. विम्याची पॉलिसी गहाण टाकली. १९१३ साली चित्रपट पडद्यावर आला, सगळ्या देशाला धंदा मिळाला, आणि ते स्वतः १९४४ साली इथेच नाशिकला हलाखीत गेले. माझी पॉलिसी शाबूत आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. पाहुणे आले की मी नेतो, आणि येताना हे सगळं त्यांना ऐकवतो.

तर तो ट्रेनी. तीन वर्षांत आमच्याकडून गेला. टेंपोवाल्याने म्हणे कुठल्या तरी कारखान्यात जागा निघाल्याचं सांगितलं होतं. आम्ही त्याला वशिला म्हटलं. आज तो सिन्नरला प्लँट हेड आहे. दर दसऱ्याला त्याचा मेसेज येतो, स्वतः टाइप केलेला, आईंचा गुडघा कसा आहे म्हणून. मी अंगठा पाठवतो. नऊ दसरे, नऊ अंगठे.

यंदा पुतण्याचा डिप्लोमा झाला. मी घरात सांगून टाकलं, काळजी करू नका, एक प्लँट हेड आपल्या हाताखाली तयार झालाय. मोबाइल घेतला. ‘अरे’ लिहिलं, खोडलं. ‘सर, ओळखलंत का?’ लिहिलं आणि फायनल नवीन फायनल २ जोडली. तिच्यात पुतण्याच्या नावाऐवजी माझंच नाव राहिलं होतं हे पाठवल्यावर दिसलं.

दोन मिनिटांत फोन वाजला. पुतण्या शेजारीच बसला होता. त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, प्लँट हेडचा नाहीये. कुणी तरी ‘ट्रेनी चमचा’ आहे. कट करू?’