भातावर आलात का?

माझ्या ताटातली सुरमई अजून अर्धी शिल्लक होती, आणि खुर्चीमागे उभ्या असलेल्या एका सर्वस्वी अनोळखी गृहस्थांनी खाली वाकून, माझ्या उजव्या कानाशी, अगदी आपुलकीने विचारलं, "भातावर आलात का?"

मी आलो नव्हतो. माझी पहिलीच भाकरी चालू होती. ते त्यांनाही दिसत होतं, किंबहुना जास्त चांगलं दिसत होतं, कारण ते वरून बघत होते.

रविवार, दुपारचे दोन, वसई पश्चिम, एक मालवणी हॉटेल. नाव सांगणार नाही. मासे चांगले असतात आणि मला परत जायचंय. मी, बायको आणि माझी आई. दारातल्या पोऱ्याने वही उघडून "किती माणसं?" विचारलं. मी "तीन" म्हणालो, तर तो "तीनच?" असं अशा सुरात म्हणाला की येताना सोसायटीतून एखादा माणूस उचलून आणायला हवा होता असं वाटलं. मग पाऊण तास उन्हात.

वसईकराने वसईतच जेवायला पाऊण तास ताटकळावं, हे कुणी ठरवलं? आम्ही इथे घर घेतलं तेव्हा दादरच्या आत्याने "म्हणजे बाहेरगावीच की रे" म्हणून डोळ्यांना पदर लावला होता. पाणी येतं का, रात्री रिक्षा मिळते का, साप निघतात का, अशी चौकशी पुढे दोन-तीन वर्षं चालू होती. आता तीच आत्या शनिवारी रात्री फोन करते, "उद्या येतोय रे सगळे, पोरांना जरा मोकळी हवा." ही मोकळी हवा रविवारी सकाळी अकरापर्यंत पुरते. त्यानंतर बोरिवली, मीरा रोड, अंधेरीच्या गाड्या सुरूच्या बागेकडे, भुईगावला, राजोडीला वळतात आणि आम्ही खिडक्या लावून घेतो. किल्ल्यात तर लग्न ठरलेली जोडपी पडक्या चर्चच्या कमानीत उभी राहून लांबलचक झगे वाऱ्यावर सोडत असतात आणि एक पोरगा त्या झग्याचं टोक फेकून पळत बाजूला होत असतो. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, तेव्हा त्यांनाही वेढा घालून महिनोन्महिने बाहेर थांबावं लागलं होतं. पण निदान त्यांना कुणी "तीनच?" विचारलं नाही.

बाहेरच्यांनी वसईला येऊन मजा करायची ही रीत तशी जुनी. होळकरांकडून पुण्यात मार खाऊन दुसरा बाजीराव पळत पळत इथेच आला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने इंग्रजांशी वसईचा तह केला. म्हणजे थर्टी फर्स्ट वसईत करणारा पहिला नामवंत पाहुणा पेशवाच. त्याचंही बिल नंतर भलतंच आलं.

तर ते गृहस्थ. वय पन्नाशीचं, अर्धी विजार, वर इस्त्रीचा शर्ट, आणि सॅक पोटावर. पाठीवर नाही, पोटावर. हॉटेलात, पंख्याखाली, रविवारी! विरार लोकलच्या दारात जशी पुढे घेतात तशी घेऊन, वर दोन्ही हात ठेवून ते उभे होते. त्या सॅककडे बघूनच मला कळायला हवं होतं की हा माणूस जेवायला आलेला नाही, प्रवासाला आलेला आहे.

"साहेब, तुम्ही कुठे?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं होतं.

"मी इथेच. वसईतच राहतो."

"तसं नाही हो. ताटात कुठवर आलात? भातावर आलात का?"

मी "अजून नाही" म्हणालो. म्हणजे चक्क उत्तर दिलं. त्यांनी मान डोलावली, घडी घातलेला रुमाल काढला आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. "ठीक आहे. तुमच्यानंतर मी. सांगून ठेवतो."

सीट सांगून ठेवणं म्हणजे काय, हे लोकलने रोज जाणाऱ्याला समजावायला नको. बसलेल्याला "कुठे?" विचारायचं, तो "अंधेरी" म्हणाला की अंधेरीपासून ती जागा आपली, मग मधे साक्षात रेल्वेमंत्री आला तरी हक्क जात नाही. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅकबेला पहिली लोकल सुटली. तेव्हा दिवसाला जायला एक आणि यायला एक एवढीच गाडी होती, तरीही कुणीतरी कुणाला "कुठे उतरणार?" विचारलंच असेल, असा माझा दाट संशय आहे. या शास्त्रात सगळ्यात क्रूर शब्द 'रिटर्न'. संध्याकाळी चर्चगेटला गाडी लागते, आता सगळे उतरतील म्हणून आपण उडी मारून आत शिरतो, आणि खिडकीतला माणूस डोळे न उघडता म्हणतो, "रिटर्न आहे." तो आधीच मरीन लाइन्सहून उलटा बसून आलेला असतो. त्यावर अपील नाही.

हे सगळं मी सोमवार ते शनिवार मुकाट्याने करतो. गर्दीच्या वेळच्या डब्याला रेल्वेने 'सुपर डेन्स क्रश लोड' असं नाव दिलंय, एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. त्या सोळांपैकी एक मी असतो, तक्रार नाही. पण रविवारी सुरमईच्या ताटावर?

तेवढ्यात दुसरे एक जण आले. "इथे कुणी आहे?" हा प्रश्न आम्हाला नव्हता. आम्ही त्या टेबलावर होतो एवढंच.

"यांच्यानंतर मी," आमचे गृहस्थ म्हणाले. "माझ्यानंतर हवं तर तुम्ही. पण आधीच सांगतो, आम्ही पाच जण आहोत आणि आमचा मेव्हणा फार सावकाश जेवतो."

"चालेल. मला मग पंख्याखालची द्या."

"पंख्याखाली आजी आहेत. त्यांचं काय ते विचारून घ्या."

दोघांनी माझ्या आईच्या ताटात पाहिलं. आई वेंगुर्ल्याची. सत्तर वर्षं मासे खातेय आणि काटा काढताना ती कुणाशी बोलत नाही. एकेक काटा ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवते, आकारमानाप्रमाणे. गृहस्थांना ते सोसवेना.

"आजी, सुरमईला मधला एकच काटा. तो काढला की पुढे गाडी सुसाट!"

आईने मान वर केली. "तुमचा गाव खंयचा?"

"कराड."

"मगे बरोबर," आई म्हणाली आणि पुन्हा काट्यांकडे वळली.

मला वाटलं, आता तरी माणूस दोन पावलं मागे जाईल. कराडकर कसले मागे जातात! त्यांनी मागे वळून हाक मारली, "चिंटू, ये इकडे!" आणि गर्दीतून एक सात-आठ वर्षांचं पोरगं आलं. आमच्या टेबलाची चौथी खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बायकोची पर्स होती.

"जरा पर्स घेता का, वहिनी? चौथी सीट आहे. पोरगं उन्हातनं आलंय."

चौथी सीट! तिघांच्या बाकावर चौथ्याने अर्ध्या मांडीवर टेकायचं आणि बाकीच्यांनी सरकून घ्यायचं, हा लोकलचा अलिखित कायदा. बायकोने पर्स उचलली. चिंटू बसला. बसला तो टक लावून माझ्याकडे बघत बसला. मी घास तोंडाकडे नेला की त्याचे डोळे घासाबरोबर वर, घास गेला की डोळे खाली. मधेच त्याने वळून वडिलांना खबर दिली, "पप्पा, हे काका तुकडा उलटा करून खातायत."

"खाऊ दे, खाऊ दे. आता उरलंय किती?"

मग त्यांनी वेटरला हाक मारली. "तोपर्यंत दोन सोलकढी आण. आणि एक मसाला पापड." वेटर हुशार. त्याने ते आमच्या टेबलावर आणून ठेवलं, कारण ठेवायला दुसरी जागाच नव्हती. गृहस्थ उभ्या उभ्या, सॅकवरून वाकून, माझ्या खांद्यावरून हात लांब करून पापड मोडत होते. कांदा-टोमॅटोचा एक तुकडा माझ्या भाकरीवर पडला. "सॉरी हं," असं म्हणून त्यांनी तो उचलला. माझ्या भाकरीवरून. बोटांनी.

इथे सांगायला हवं की माझी बायको लेडीज डब्यातून जाते. जेंट्समधे आम्ही निदान हसतखेळत भांडतो. लेडीजमधे हसणं नसतं. इतका वेळ ती एक शब्दही बोलली नव्हती. तिने भात संपवला, त्यावर कालवणाचा शेवटचा चमचा ओतून तोही संपवला आणि पाण्याचा घोट घेतला. गृहस्थांनी रुमाल उचलून हातात घेतला. मागे त्यांच्या बायकोने पर्सची चेन लावली. मेव्हणाही कुठूनसा प्रकट झाला.

बायकोने वेटरला बोलावलं. "दादा, एक तिसऱ्यांचं सुकं आणि दोन भाकऱ्या. सावकाश आणलंत तरी चालेल."

"अहो वहिनी," गृहस्थांचा आवाज चिरकला, "तुम्ही भातावर होतात ना?"

"हो," ती म्हणाली. "पण आम्ही रिटर्न आहोत."

त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. राग नव्हता त्यावर. रोज चर्चगेटला जो चेहरा माझा होतो, तोच होता. त्यांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली आणि मेव्हण्याला म्हणाले, "रिटर्न आहेत." मेव्हण्याने समजून मान हलवली. कुणीही हुज्जत घातली नाही. पंख्याखालची जागा मागणारे ते दुसरे गृहस्थ तर लगेच दुसऱ्या टेबलाकडे गेले.

आता गोष्ट इथे संपली असती तर मी हसत घरी गेलो असतो. पण तिसऱ्या आल्या आणि आम्हाला कुणालाच भूक नव्हती. सहा माणसं बघत असताना शिंपलीतून तिसरी ओढून काढणं यात काय चव लागणार? माझी सुरमई तोवर गार होऊन कडेने वातड झाली होती. चांगला ताजा तुकडा होता. पैसे मोजून, पाऊण तास उभं राहून मिळवलेला, आणि मी तो कसाबसा गिळला, कारण पाठीमागे कुणीतरी श्वास घेत होतं. मला त्या कराडकरांचा राग आहेच, पण जास्त राग आहे तो गल्ल्यावर बसलेल्या शेठचा. टेबलं वाढवायला त्याला जागा आहे, तिथे त्याने आइस्क्रीमचा फ्रीज आणि स्वतःचा भलामोठा देव्हारा ठेवलाय. उभ्या लोकांना बाहेर थांबवायला माणूस आहे, तो वहीत नावं लिहितो आणि मग सगळ्यांना एकदम आत सोडतो. शनिवार-रविवारचा मेनूकार्डही वेगळा, दर चढे. हे दर आत्याच्या मुलांना परवडतात, ते महिन्यातून एकदा येतात. आम्हाला इथेच राहायचंय. आणि सोमवार ते शुक्रवार हेच हॉटेल दुपारी ओस पडलेलं असतं, पण तेव्हा मी लोअर परळला डबा उघडून दुधी भोपळा खात असतो.

बाहेरही तेच. फूटपाथ आहेत, पण त्यांवर रविवारी पाहुण्यांच्या गाड्या राहतात. आईला हाताला धरून रस्त्याच्या मधून चालवत न्यायचं आणि मागून हॉर्न खायचे. हॉर्न देणारा काच खाली करून विचारतो, "काका, बीचला कसं जायचं?" मी त्यांना अर्नाळ्याचा रस्ता सांगतो. लांबचा आहे, पण किनारा सुंदर आहे, पाप लागणार नाही.

तर बिल आलं. त्यात आमच्या तीन थाळ्या, तिसऱ्या, भाकऱ्या, आणि दोन सोलकढी, एक मसाला पापड. मी शेठला सांगितलं, हे आमचं नाही. शेठने वर न बघता सांगितलं, "टेबल नंबर सात. एक टेबल, एक बिल." मी म्हटलं, अहो, ते उभे होते. तो म्हणाला, "उभ्यांचं बिल होत नाही, साहेब. सिस्टीममधे उभं राहायची सोय नाही."

कराडकर तोवर माझ्या गरम खुर्चीवर बसले होते, सॅक अजून पोटावरच. त्यांना बिल दाखवलं तर अगदी शरमल्यासारखे झाले. "अहो, काय हे, द्या तुमचा नंबर, आत्ता जीपे करतो." मी नंबर दिला. त्यांनी सेव्ह केला, समोर मला मिस्ड कॉलही दिला, मग म्हणाले, "नेट येत नाहीये इथे. घरी गेल्यावर नक्की."

सोमवारी सकाळी त्यांचा गुलाबाच्या फुलाचा शुभ सकाळ आला. मंगळवारी संकष्टीचा गणपती. काल रात्री मेसेज होता: "उद्या लोकलला जंबो ब्लॉक आहे, गाडीनेच येतोय. तुम्ही वसईतच राहता ना, मग बारा वाजता जाऊन वहीत आमची पाच नावं घालून ठेवाल का?"

एकशे वीस रुपये अजून आलेले नाहीत.