‘रोग आपोआप गेले’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर आला, आणि आता विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बायकांच्या मोबाइलपर्यंत पोचलाय. हे शेवटचं कळल्यावर मात्र गप्प बसवेना. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: लहान मुलांचे जीवघेणे रोग जगभरात स्वच्छतेने आणि सकस खाण्याने आपोआप गेले; गोवर साधा आजार, तो होऊन गेलेलाच बरा; उरलेले रोग आफ्रिकेतल्या गरिबांचे; लसीच्या सुयांमुळे मुलं स्वमग्न (ऑटिस्टिक) होतात; आणि लस घेतलेल्यांनाही रोग होतोच, मग घ्यायची कशाला?

आधी ‘आपोआप’चं बघू. देवीच्या रोगाने विसाव्या शतकात जगात सुमारे 30 कोटी माणसं मारली. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण 1975 सालचा. जगात नैसर्गिकरीत्या लागण झालेला शेवटचा रुग्ण 1977 साली सोमालियात सापडला आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग संपल्याचं जाहीर केलं. 1975 साली भारतातल्या किती घरांत नळ होता, किती घरांत संडास होता? सोमालियात किती होते? देवी गेली ती कर्मचाऱ्यांनी दारोदार हिंडून रुग्ण शोधले आणि त्यांच्या आसपासच्या प्रत्येकाला टोचलं म्हणून. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातावर त्या टोचण्याचे वण अजून दिसतात.

याहून सरळ पुरावा जपानचा. तिथे 1974 पर्यंत जवळपास 80 टक्के मुलांना डांग्या खोकल्याची लस मिळत होती. त्या वर्षी देशभरात 393 रुग्ण झाले, मृत्यू एकही नाही. मग लस घेतल्यानंतर दोन बाळं दगावल्याच्या बातम्या आल्या, लोक घाबरले आणि दोनेक वर्षांत लसीकरण 10 टक्क्यांवर आलं. 1979 साली 13 हजारांवर रुग्ण झाले आणि 41 जीव गेले. या पाच वर्षांत जपानमधलं पाणी घाण झालं नव्हतं, की मुलांच्या ताटातलं अन्न कमी झालं नव्हतं. बदललं ते एकच.

मेसेजमधला स्वच्छतेचा आणि सकस खाण्याचा हा मुद्दा निम्मा खरा आहे, म्हणूनच तो पटतो. कॉलरा, टायफॉइड, हगवण हे पाण्यातून पसरणारे रोग स्वच्छ पाण्याने खरोखरच कमी होतात. पाच वर्षांखालची जी मुलं जगात दगावतात, त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांच्या मृत्यूमागे कुपोषणाचा हात असतो. पण गोवराचा विषाणू हवेतून जातो. रुग्ण खोली सोडून गेला तरी दोन तासांपर्यंत तो तिथल्या हवेत राहू शकतो. नुसते साबणाने हात धुऊन हवेतला विषाणू थांबत नाही. आणि ज्या शहरात नळाला चार-चार दिवसांआड पाणी येतं, बॅरल भरून ठेवल्याशिवाय घर चालत नाही, तिथल्या आईला ‘स्वच्छता ठेवा, लसीची गरज नाही’ असं सांगणं मला फार क्रूर वाटतं.

आता गोवर. ‘आम्हाला सगळ्यांना झाला होता, काय झालं?’ हे वाक्य मी जवळच्या माणसांकडूनही ऐकलंय. ज्यांना झाला आणि जे वाचले तेच हे सांगायला उरलेत. 1963 मध्ये लस येण्याआधी गोवर दरवर्षी जगातल्या अंदाजे 26 लाख लोकांचा जीव घ्यायचा, त्यात बहुतेक लहान मुलं. अंगावर पुरळ उठतं ते सगळ्यांना दिसतं. त्याच्यामागून येतो न्यूमोनिया, जुलाब, काही मुलांत मेंदूची सूज. अंगात ‘अ’ जीवनसत्त्व कमी असलं तर बुबुळावर जखम होऊन डोळा कायमचा जातो. फार थोड्या मुलांत विषाणू मेंदूत दबा धरून राहतो. मूल बरं होतं, शाळेत जाऊ लागतं आणि सात-आठ वर्षांनी अचानक त्याला अक्षरं आठवेनाशी होतात, हात झटके देऊ लागतात. त्यावर आजही खात्रीचा इलाज नाही.

‘गोवराने प्रतिकारशक्ती वाढते’ हे तर सत्याच्या नेमकं उलट आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या, लस न घेतलेल्या मुलांचं गोवराच्या आधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं गेलं. इतर रोगांविरुद्ध त्यांच्या शरीराने जमवलेल्या प्रतिपिंडांपैकी (अँटिबॉडींपैकी) 11 ते 73 टक्के गोवराने पुसून टाकले होते. म्हणजे गोवरातून उठलेलं मूल पुढे कितीतरी दिवस इतर रोगांपुढे उघडं पडतं.

त्याच वर्षी सामोआ या दोन लाख वस्तीच्या बेटांच्या देशात काय झालं, ते मेसेज पाठवणाऱ्यांनी जरूर वाचावं. 2018 मध्ये तिथे नर्सच्या हातून लसीच्या पावडरीत चुकीचं औषध मिसळलं गेलं आणि दोन बाळं दगावली. चूक भयंकर होती, पण ती लसीची नव्हती. मोहीम काही महिने थांबली, अफवा पसरल्या आणि लसीकरण 31 टक्क्यांवर घसरलं. 2019 च्या अखेरीस गोवर आला. 5,700 वर रुग्ण झाले, 83 जण मेले, त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची मुलं.

‘हे गरिबांचे रोग, आपल्याकडे नाहीत.’ गरिबी रोगाला बळ देते हे खरंच. मलेरियाने जाणारे बहुतेक जीव आफ्रिकेतल्या लहानग्यांचे असतात. पण घटसर्प 2015 मध्ये स्पेनमध्ये आला, 28 वर्षांनी. सहा वर्षांचा मुलगा, लस न घेतलेला. घटसर्पात घशात करडा, चिवट पडदा धरतो. तो ओढून काढायला गेलं तर खालून रक्त येतं. मान सुजून जबड्याइतकी रुंद होते, श्वास अडकतो, आणि जंतूचं विष हृदयापर्यंत पोचतं. त्यावरचं प्रतिविष स्पेनमध्ये मिळेना, रशियातून मागवावं लागलं. मुलगा वाचला नाही. 2025 मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये गोवराने दोन मुलं गेली, दोघांचीही लस झालेली नव्हती. आणि आपल्याकडे नाहीत? 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीत गोवराने मुलं दगावली, तेव्हा साथ भिवंडी-मालेगावपर्यंत पोचली होती. एक गोवराचा रुग्ण लस न घेतलेल्या 12 ते 18 जणांना तो देऊ शकतो. आपल्या जिल्ह्यात आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं येतात, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला शहर भरून जातं, ऊसतोडीच्या टोळ्या लेकराबाळांसकट फडावर मुक्कामाला असतात. रोगाला याहून सोपी वाट कुठली?

स्वमग्नतेचा मुद्दा थोडक्यात संपवते. हा संशय 1998 मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकातल्या लेखाने पसरवला. अभ्यास होता अवघ्या 12 मुलांचा. 2010 मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला, आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आलं. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांची नोंद तपासली गेली, संबंध आढळला नाही. स्वमग्नतेची लक्षणं साधारण दीड वर्षाच्या आसपास ध्यानात येतात, आणि गोवराचा दुसरा डोसही तेव्हाच असतो. आईबापाच्या मनात शंका येणं स्वाभाविक आहे. ती शंका हेरून भीती विकणाऱ्यांना मात्र मी माफ करू शकत नाही.

सुयांचा त्रास खरा असतो. दीड महिन्याच्या इंजेक्शनानंतर बाळाला ताप येतो, मांडीला गाठ येते, ते रात्रभर रडतं. ज्या आईची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबावर ठरते, तिचं दुसऱ्या दिवशी विड्या वळायचं सूप मांडीवर घेणं होत नाही, आणि तेवढे पैसे बुडतात. तिला ‘अडाणी’ म्हणणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. ताप एक-दोन दिवसांत उतरतो, तापाचं औषध आरोग्य केंद्रातच मिळतं, हे तिला कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं.

‘लस घेतलेल्यांनाही होतो.’ होतो, काहींना. शंभर मुलांची शाळा धरा. 95 जणांचे दोन्ही डोस झालेत, पाच जणांचे नाहीत. गोवर शिरला तर त्या 95 मधल्या चार-पाच जणांना होईल, आणि उरलेल्या पाचपैकी जवळपास पाचही जणांना. आजारी मुलं मोजली तर निम्मी लसवाली दिसतात. मेसेज एवढंच सांगतो आणि न आजारी पडलेली नव्वद मुलं मोजायची सोडून देतो.

मेसेजच्या शेवटी आणखी एक वाक्य आहे: एक डोस चुकला की आधीचे सगळे वाया. याच समजुतीने किती तरी आया पुन्हा केंद्राकडे फिरकत नाहीत. माहेरी गेली, लसीकरणाचं कार्ड हरवलं, बाळ आजारी होतं, आणि मग ‘आता काय उपयोग’. उपयोग आहे. जिथे राहिलं तिथून पुढे सुरू करतात, पहिल्यापासून नाही. गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस सरकारी केंद्रात पाच वर्षांपर्यंत देतात, त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लसीचा) सात वर्षांपर्यंत, आणि दोन्ही फुकट. कार्ड नसेल तर जुन्या तारखा आशाताईच्या किंवा नर्सताईच्या वहीत सापडू शकतात. सापडल्या नाहीत तरी मूल घेऊन जा, नवं कार्ड करून देतात.