ऑक्टोबरची छाटणी आणि काळ्या पडलेल्या फांद्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

थंडीतल्या गुलाबांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही परखड आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन आहेत. पहिला, ऑक्टोबरात, थंडीच्या तोंडावर गुलाब छाटायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, कारण इंग्लंडमधली तुमची बहीण आणि तिच्याकडची पुस्तकं फेब्रुवारी-मार्च सांगतात. दुसरा, डोंबिवलीच्या गच्चीत सप्टेंबरअखेर छाटलेली तुमची दोन झाडं शेंड्याकडून काळी पडत खाली येताहेत. तिसरा, माझी जातींची यादी जुनाट आहे, तिच्यात डेव्हिड ऑस्टिन या इंग्रज गुलाब-पैदासकाराचा एकही गुलाब नाही.

बहीण करते ते तिच्या बागेसाठी अगदी योग्य आहे. छाटलं की गुलाब डोळे फोडतो आणि तिकडच्या गोठवणाऱ्या रात्रीत ती कोवळी फूट मरते. म्हणून हिवाळाभर झाड झोपू द्यायचं आणि कडाका ओसरताना कात्री लावायची. आपल्याकडे गुलाबाला झोपवेल अशी थंडी पडतच नाही. पुण्या-नाशकात पहाटे पारा दहाच्या आसपास उतरला तरी दुपारी पंचवीसच्या पुढे असतो, आणि गुलाबाला हेच मानवतं. तो आपल्याकडे थकतो ते मे महिन्यात आणि पावसात, जेव्हा काळे ठिपके पडून निम्मी पानं गळतात. मार्चमध्ये छाटलंत तर नवी फूट एप्रिल-मेच्या उन्हात सापडेल. फुलं लहान येतील आणि पाकळ्यांच्या कडा करपतील. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण ४५ ते ६० दिवस जातात. ते दिवस झाडाला सुखाचे मिळावेत, एवढ्यासाठी ऑक्टोबर. दिल्लीतही छाटणी ऑक्टोबरातच होते. सिमला, श्रीनगरला मात्र हिवाळा सरताना, तुमच्या बहिणीसारखीच. आणि आपल्या मावळातले शेतकरी १४ फेब्रुवारीच्या बाजारासाठी पॉलिहाउसमधली झाडं छाटतात ती डिसेंबरात, ऐन थंडीत.

आता तुमची दोन झाडं. मला खरी काळजी त्यांची वाटते. तुम्ही लिहिता, छाटल्यावर चार दिवस पाऊस होता. तिथेच घात झाला. मुंबईच्या बाजूला मोसमी पावसाच्या परतीची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीखच ८ ऑक्टोबर आहे. ओल्या, दमट हवेत फांदीचा ताजा काप उघडा राहिला की त्यातून बुरशी आत शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत जाते. यालाच शेंडेमर म्हणतात. थंडीचा इथे काही संबंध नाही. कोकणपट्टीत पाऊस पुरता उघडेपर्यंत, आठवडाभर कोरडं ऊन पडेपर्यंत थांबावं. ऑक्टोबर अर्धा सरला तरी बिघडत नाही.

उपाय आजच करा. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, स्पिरिटने पुसून घ्या आणि काळ्या भागाच्या बोटभर खाली, निरोगी हिरव्या फांदीवर कापा. कापाचा मधला भाग पांढरा दिसला पाहिजे. तपकिरी छटा दिसली तर आणखी खाली जा, दया दाखवू नका. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका घ्या. त्यावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक पाण्यात घट्ट कालवून लावा. कापलेले तुकडे कुंडीत टाकू नका. नवी फूट दिसेपर्यंत खत अजिबात नको, पाणीही वरची माती सुकल्यावरच. एक गोष्ट मात्र नीट पाहा: डोळा भरलेल्या जागेच्या, म्हणजे जिथे तुमच्या गुलाबाचं कलम खालच्या रोपावर बांधलेलं असतं तिच्या, खालून जोमदार फुटवा आला, तर ती तुमच्या गुलाबाची फूट नाही, त्या खालच्या रोपाची, खुंटाची आहे. तो फुटवा मुळापासून ओढून काढा. काळेपणा त्या भरलेल्या जागेखाली उतरला असेल, तर ते झाड सोडून द्यावं लागेल.

यादी जुनी आहे, हे खरं, आणि ती मी जाणूनबुजून तशीच ठेवली. ‘ग्लॅडिएटर’ १९५५चा, ‘आइसबर्ग’ १९५८चा, ‘डबल डिलाइट’ १९७७चा. इतकी वर्षं आपल्या उन्हापावसात टिकून हे गुलाब साध्या नर्सरीत आजही मिळतात, यापेक्षा मोठी परीक्षा कोणती? ‘मृणालिनी’ तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेला. जिथे उन्हाळा चाळीसच्या पुढे जातो तिथेच निवडलेल्या जाती नवशिक्याच्या हाती आधी द्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. ऑस्टिन यांचे गुलाब मलाही फार आवडतात. तो दाट पाकळ्यांचा भरगच्च पेला आणि तो वास दुसरीकडे क्वचितच मिळतो. पण उष्ण हवेत त्यांची फुलं लवकर उमलून गळतात आणि ‘ग्रॅहम थॉमस’सारखी जात वेलासारखी उंच जाते. तुमच्या गच्चीतल्या दहा इंची कुंडीत तिचे हाल होतील. मोठी कुंडी आणि आधाराला जाळी असेल तर जरूर लावा, बहर थंडीतच चांगला येईल.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. डिसेंबरात भुरी या बुरशीच्या रोगावर लक्ष ठेवा. रात्री गार आणि दुपारी उबदार असल्या की ती कोवळ्या पानांवर पिठासारखी पसरते. काळ्या ठिपक्यांसारखं तिला ओलं पान लागत नाही, त्यामुळे पाऊस नाही म्हणून निर्धास्त राहू नका. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन सकाळी लवकर फवारा. दुपारी पारा ३२च्या वर जाणार असेल तर त्या दिवशी नको, पानं भाजतात. आणि कुंड्या गच्चीच्या दक्षिणेच्या कठड्याला असतील तर तो सोडून मोकळ्यात आणा. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून जातो. भिंतीची सावली लांबते आणि गुलाबाला लागणारं पाच-सहा तासांचं ऊन तिथे मिळत नाही.