दोन माना आणि एक कूलर

मी बेस गिटार, म्हणजे खालचे, जाड सूर देणारी चार तारांची गिटार वाजवतो, हे वाक्य नागपुरात उच्चारणे जरा जोखमीचे आहे. माझी आजी मूळची अचलपूरकडची. तिने हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा समाधानाने मान डोलावली आणि विचारले, "तू बेस वाजवतं म्हने, हे तं बेसच झालं बाप्पा, पन वाजवतं काय?" आमच्या वऱ्हाडात 'बेस' म्हणजे 'छान', त्यामुळे आपण स्वतःचीच तारीफ करून वाद्याचे नाव मात्र सांगितलेले नाही, असे समोरच्याला वाटते. आजी गेली, परंतु तिच्या गैरसमजाचा वारसा शहरातील साउंडवाल्यांनी निष्ठेने चालवला आहे. कार्यक्रमाच्या आधी मी "भाऊ, बेस थोडा वाढवा" असे म्हटले की ते माझ्या चॅनेलला हात न लावता मिक्सरवरची 'बेस' लिहिलेली जेवढी बटणे दिसतील तेवढी फिरवतात, त्यामुळे गायिकेचा माईक घुमू लागतो, ढोलकीच्या पोटात गोळा येतो, मंडपाचे पत्रे थरथरतात आणि माझी गिटार तेवढी पूर्वीइतकीच मुकी राहते.

या वाद्याच्या जन्मामागे सोयीचा विचार होता, हे मला वारंवार आठवून द्यावे लागते; घरच्यांना नव्हे, स्वतःला. लिओ फेंडर नावाच्या, स्वतःला गिटार न वाजवता येणाऱ्या अमेरिकी गृहस्थाने 1951 मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. त्यापूर्वी बेसवादकाला माणसाहून उंच असे डबल बेस नावाचे लाकडी धूड घेऊन हिंडावे लागे आणि एवढे करूनही ब्रास वाद्यांच्या गर्दीत ते कोणाला ऐकू येत नसे. फेंडरने ते धूड गळ्यात अडकवण्याजोगे केले, त्याच्या दांड्यावर फ्रेट नावाच्या धातूच्या आडव्या पट्ट्या बसवल्या म्हणजे सूर अचूक लागतील, आणि आवाजाची जबाबदारी विजेवर सोपवली. हेतू अत्यंत थोर होता. मात्र धुडाचे वजन यात नाहीसे झाले नाही. त्यातले साडेचार किलो वादकाच्या डाव्या खांद्यावर आले आणि उरलेले सगळे अँप्लिफायरमध्ये जाऊन बसले.

अँप्लिफायरविषयी माझी मते जिन्यावर तयार झालेली आहेत. महालातील आमचे घर तिसऱ्या मजल्यावर असून जिना इतका अरुंद आहे की खाली उतरणाऱ्याने वर चढणाऱ्याला आधी आवाज द्यावा लागतो. माझा अँप जुन्या पद्धतीचा, एका खोक्यात सगळे सामावलेला, पंधरा इंची स्पीकरचा आणि बत्तीस किलोंचा आहे. माणसाचा कान खालच्या सुरांच्या बाबतीत जन्मजात मंद असल्यामुळे साध्या गिटारवाल्याचे जे काम तीस-चाळीस वॉटमध्ये होते त्यासाठी आम्हाला तीनशे वॉट लागतात. 1969 मध्ये आलेल्या अँपेगच्या प्रसिद्ध एसव्हीटी अँपची शक्ती नेमकी एवढीच होती. त्याचे नुसते डोके, म्हणजे स्पीकर सोडून उरलेला विजेचा भाग, चाळीस किलोंच्या घरात आणि आठ स्पीकरांचे कपाट साठ किलोंच्या वर. त्या अँपचा आवाज मला स्वर्गीय वाटतो, पण तो महालातील तिसऱ्या मजल्यावर नेण्याचा प्रयत्न करणारा माणूस आवाजाच्या आधी स्वर्गात पोहोचेल. आता दोन-तीन किलोंचे, पुस्तकाएवढे अँप मिळतात. त्यांना ऊब नाही, असे म्हणणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्या सर्वांच्या घराला लिफ्ट आहे. मी अजून तो छोटा अँप घेतलेला नाही, कारण दर वर्षी त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे मानेवर खर्च होतात.

येथे 'मान' हा शब्द मी दोन अर्थांनी वापरत आहे, आणि यंदाच्या उन्हाळ्यात माझे जे झाले ते या दोन अर्थांमुळेच झाले.

गिटारीची मान म्हणजे तिचा लांब दांडा. माझ्या गिटारीचा दांडा मेपलचा आणि वरचा फ्रेटबोर्ड शिसवीचा आहे. हे कळल्यापासून आई मला आजोबांच्या शिसवी पलंगाचा दाखला देते: तो पलंग इतकी वर्षे त्याच खोलीत, त्याच उन्हाळ्यात आहे, तो कधी वाकला का? तिला मी सांगून पाहिले की पलंगाला चार तारा लावून त्या रात्रंदिवस सत्तर-ऐंशी किलोंच्या ताणाने कोणी ओढत नाही. बेसच्या तारा दांड्याला सतत पुढे खेचत असतात, म्हणून त्याच्या पोटात ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई घालून तिच्या नटाने उलट बाजूस ताण द्यावा लागतो, आणि दोन्ही ताणांचे जोवर जमते तोवर दांडा जवळजवळ सरळ राहतो. जवळजवळ, कारण अगदी सरळही चालत नाही. तार थरथरायला जागा हवी म्हणून किंचित खोलगटपणा ठेवावा लागतो. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखालून व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहायचे. ते हलके घासून गेले तर मान ठीक आहे. माझ्याकडे यासाठी इतवारीतील एका साडीच्या दुकानाचे कार्ड आहे; त्या दुकानात मी आयुष्यात एकदाच गेलो, पण कार्ड रोज वापरतो.

नागपूरच्या हवेत हे कार्ड वर्षातून किमान तीन वेळा अडकते. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश, हवा पापडासारखी कोरडी. त्या दिवसांत लाकूड आक्रसते, फ्रेटची धातू आक्रसत नाही, आणि फ्रेटांची टोके दांड्याच्या कडेबाहेर येऊन डाव्या हाताला किसणीसारखी लागतात. मग संध्याकाळी आपण कूलर लावतो. पाण्याने थबथबलेल्या गवतातून वारा खोलीत येतो, आणि दिवसभर पापड झालेले लाकूड रात्रभर दमट होत राहते. जून संपताना पाऊस, डिसेंबरात कडाक्याची थंडी. ज्या देशात या वाद्याचा शोध लागला तेथेही ऋतू आहेत, परंतु एकाच खोलीत, एकाच दिवशी वाळवंट आणि कोकण दोन्ही अनुभवण्याची सोय तेथे नसावी.

यंदाची चूक मात्र हवेची नव्हती, माझी होती. बेसच्या चार तारांचा बरा संच घ्यायचा म्हणजे दोन-तीन हजार रुपये जातात, म्हणून आम्ही लोक जुन्या तारा पाण्यात उकळतो. वेटोळ्यांमध्ये साचलेला घाम आणि मळ निघून जातो आणि काही आठवडे तारा नव्यासारख्या खणखणतात. जेम्स जेमरसन या थोर वादकाने तारा तुटेपर्यंत बदलल्या नाहीत असे सांगतात, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने त्याने मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीची कितीतरी गाणी वाजवली. पण तो जेमरसन होता, त्याचा मळही सुरात असे. मी चारही तारा एकदम काढल्या, दहा मिनिटे उकळल्या आणि पुसायला फडके आणण्यासाठी आत गेलो. तेवढ्यात आई पन्ह्यासाठी कैऱ्या उकडायला आली. पातेले तेच होते. त्यानंतर घरात जे बोलणे झाले त्यात तारा परत चढवण्याचे राहून गेले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही चुलतभावाच्या लग्नाला अमरावतीला निघून गेलो.

आठ दिवस त्या बिचाऱ्या दांड्यावर तारांचा ताण नव्हता. आतली सळई मात्र आपल्या कर्तव्याला जागून त्याला मागे ओढतच होती. परत येऊन मी तारा लावल्या तेव्हा पहिल्या फ्रेटपासून पाचव्यापर्यंत प्रत्येक सुराला भुंगा चिकटला होता. कार्ड सरकवण्याचा प्रश्नच नव्हता. कागदही गेला नसता. त्याच लग्नात केकपासून ते वरातीच्या घोड्यापर्यंत सगळे सामान उचलून, आणि परतल्यावर लगेच एका सरावासाठी अँप तीन मजले उतरवून, माझीही मान डावीकडे वळेनाशी झाली होती. गिटार मी सक्करदऱ्याच्या एका दुरुस्तीवाल्याकडे टाकली आणि स्वतःला धरमपेठेतील एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे.

बाईंनी मला गिटार धरल्यासारखे उभे राहायला सांगितले आणि बराच वेळ शांतपणे पाहिले. मग त्या म्हणाल्या, माणसाचे डोके साडेचार-पाच किलोंचे असते. ते पुढे काढून डाव्या हाताकडे वाकवून तुम्ही तीन तास उभे राहता, आणि शिवाय खांद्यावर आणखी तेवढेच वजन. त्यांनी मानेला पट्टा दिला, दहा सिटिंग सांगितल्या आणि पट्टा तीन बोटांऐवजी चार बोटे रुंद घ्या, असेही सांगितले. हा दुसरा पट्टा गिटारीचा, हे मला घरी आल्यावर कळले.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे शेकत पडलो होतो आणि मोबाइल घरीच राहिला होता. फोन आईने घेतला. पुढचा संवाद तिने मला नंतर शब्दशः ऐकवला, आणि दुरुस्तीवाल्यानेही तो नाकारला नाही.

"काकू, भाऊले सांगा, मान पार उलटी वाकली हाय."

"उलटी म्हणजे कशी हो?"

"मागं गेली. आठ दिवस तान नव्हता ना तिच्यावर. मी नट ढिला करून राहिलो, पन लय जाम हाय. आज रातभर शिकंजा लावून ठेवतो."

"रात्रभर? त्याला दुखेल ना!"

"काही नाही होत काकू. नाहीच जमलं तं मान बदलून टाकू. नवी महाग पडन, जुनी भेटते."

आई आजोबांच्या पलंगावर बसली. तरी तिने विचारले, "जुनी म्हणजे कोणाची?"

"कोनाची बी चालते. चार भोकं जुळली पायजे फक्त."

बोल्ट-ऑन दांडा धडाला चार स्क्रूंनी जोडलेला असतो, हे मी घरी आल्यावर तिला समजावले. तिने ऐकून घेतले. त्यानंतर दोन दिवस ती माझ्या पाठीमागून जाताना थोडी थांबून पाहत असे.

गिटारीची मान दोन दिवसांत ताळ्यावर आली. दुरुस्तीवाल्याने तिला रोज पाव फेरा, मग एक रात्र विश्रांती, मग पुन्हा पाव फेरा असे संयमाने वागवले आणि माझ्याकडून सहाशे रुपये व एक वचन घेतले: तारा एकदम काढायच्या नाहीत, एक काढायची, एक लावायची. माझ्या मानेला असा नट नाही. शनिवारी सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता आणि बाईंनी उभे राहून वाजवण्यास साफ मनाई केली होती. मी पट्टा घालून स्टुलावर बसलो. साउंडवाल्याने मला पाहून आदराने विचारले, "आजोबा, तुम्ही गाणार हाय का?"

बसून वाजवताना एक शोध लागला. बेसच्या खालच्या ई सुराची कंपने सेकंदाला एकेचाळीस, आणि त्याची एकेक लाट आठ मीटरहून लांब असते. ती भिंतीवर आपटून परतली की काही ठिकाणी दुप्पट होते आणि काही ठिकाणी स्वतःलाच पुसून टाकते. मी ज्या कोपऱ्यात बसलो होतो तेथे ती पूर्ण पुसली जात होती. सगळा कार्यक्रम मी केवळ बोटांच्या आठवणीवर वाजवला. मध्यंतरात पहिल्या रांगेतील एक काकू आईला म्हणाल्या, "तुमचा मुलगा फार शांत आहे हो, एवढ्या गोंधळात नुसता बसून होता." मागच्या दाराजवळ उभा असलेला चहावाला मात्र म्हणाला की त्याच्या किटलीचे झाकण प्रत्येक गाण्यात वाजत होते. त्या रात्री माझे कौतुक करणारा तो एकटाच.

आता गिटार कूलरच्या खोलीत राहत नाही. ती आईच्या कपाटात, लोकरी शालींच्या मध्ये, डांबराच्या गोळ्यांच्या वासात झोपते आणि कूलरसमोर मी झोपतो. काल रात्री पहिला पाऊस पडला. पहाटे उठलो तर मान पुन्हा डावीकडे वळेना. पट्टा बांधून कपाट उघडले, गिटार काढली, तार दोन्ही टोकांना दाबली आणि सातव्या फ्रेटपाशी साडीच्या दुकानाचे कार्ड सरकवले. अडकले.

नऊ वाजता मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"भाऊ, मान पुन्हा वाकली."

तो जरा थांबला आणि म्हणाला, "कोनाची?"